अर्धं आईस्क्रीम, पूर्ण शिव्या: काटकसरीच्या रीलवर लोक एवढे का भडकतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात कासारवडवलीला राहणारं जोडपं, मोठी मुलगी नऊ वर्षांची, धाकटा मुलगा पाच. घरच्या सवयींच्या रील्स करतात, फॉलोअर्स बऱ्यापैकी आहेत. "आम्ही महिन्याला पैसे कसे वाचवतो" अशी रील टाकली, त्यात मोठीचे टी-शर्ट धाकट्याला, अंघोळीला अर्धी बादली, एक आईस्क्रीम दोघांत, माथेरानला जाताना घरून डबा, मुलांच्या दुधात थोडं पाणी, आणि शेवटी कामवाल्या मावशींशी पगारावरून घासाघीस. काहींनी डोक्यावर घेतलं, बाकीच्यांनी सालं काढली. "पोरांच्या तोंडचं काढून व्ह्यूज कमावता", "एवढी कमाई आणि मुलांना अर्धं आईस्क्रीम" वगैरे. ताई विचारतायत की सगळ्यांच्याच घरी हे चालतं मग आम्हालाच का झोडपलं, आणि रील काढून टाकायची का.

मी ठाण्यातच, नौपाड्यात बसते, घरगुती बजेट, कर्ज, गुंतवणूक यांचा सल्ला देते, बरीच वर्षं झाली. अलीकडे रील्स आणि व्लॉगवाली कुटुंबंही येतात त्यामुळे त्यांची कमाई, त्यांचे हप्ते आणि त्यांना पडणाऱ्या शिव्या हे सगळं एकाच टेबलावर बघायला मिळतं. त्यावरून माझं मत पक्कं झालंय ते आधी सांगते. लोक काटकसरीवर चिडत नाहीत हो. काटकसर कोणाच्या वाट्यातून केली त्यावर चिडतात. तुम्ही स्वतःच्या वाट्याचं कमी केलंत तर कौतुक, मुलाच्या किंवा मावशींच्या वाट्याचं कमी केलंत तर शिव्या, आणि तुमच्या एकाच रीलमध्ये दोन्ही प्रकार एकत्र आलेत म्हणून कौतुक आणि शिव्या पण एकत्र आल्या.

बघा ना, सुधा मूर्तींनी काशीला जाऊन साड्या विकत घेणं सोडलं हे त्यांनीच सांगितलेलं आहे, त्यावर लोकांनी किती कौतुक केलं. वॉरन बफे १९५८ साली ३१,५०० डॉलरला घेतलेल्या ओमाहातल्या घरातच राहत आले, हे तर प्रत्येक गुंतवणुकीच्या सेमिनारला कोणीतरी सांगतंच (मी पण सांगते, काय करणार). अब्जाधीश माणसं साधी राहतात याचं कोणाला वाईट वाटत नाही, उलट भारी वाटतं, कारण सोडलं ते त्यांनी स्वतःचं सोडलं आणि नको असेल तर उद्या परत घेऊ शकतात. पाच वर्षांच्या पोराला तो चॉइसच नाही. त्याला अर्धं आईस्क्रीम मिळालं ते त्याने ठरवलेलं नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा लागलाय हेही त्याने ठरवलेलं नाही.

आता तुमची रील एकेक करून बघू.

अर्धी बादली. यावर पुण्या-नाशिकची माणसं हसली असतील पण घोडबंदर रोडवर राहणारा कोणीच हसणार नाही. उन्हाळ्यात टँकर, सोसायटीचं टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये, त्यावरून सोसायटीच्या वार्षिक सभेत भांडणं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. तिथे अर्ध्या बादलीत अंघोळ ही काटकसर सुद्धा नाही, साधी नागरिक म्हणून वागायची रीत आहे. तुमची चूक एवढीच की हे तुम्ही सांगितलंच नाही. रीलमध्ये नुसतं "पाणी वाचवा पैसे वाचवा" असं आलं आणि ज्याच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्याला ते पोरांना छळल्यासारखं वाटलं. एक वाक्य टाकायचं होतं की आमच्याकडे टँकर येतो.

मोठीचे कपडे धाकट्याला. यावर कोणी फारसं बोललंच नाही, बरोबर? कारण हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आजीच्या जुन्या साडीची दुपटी आणि गोधडी, आतेभावाचा स्वेटर, वरच्या वर्गातल्या मुलीची पुस्तकं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मार्च-एप्रिलमध्ये बघा, "तिसरीची पुस्तकं कोणाला हवीत का" हे मेसेज चालूच असतात आणि टॉवरमधली माणसं सुद्धा घेतात. इथे मुलाच्या वाट्याचं काही कमी होत नाही, कपडा कपड्यासारखा अंगावर येतो. फक्त एक लक्षात ठेवा, मोठीला दरवेळी नवीन आणि धाकट्याला दरवेळी उतरलेलं असं झालं की त्या पोराच्या मनात ते बसतं, अधूनमधून त्याचंही नवं येऊ द्या.

माथेरानला डबा. याच्यावर ज्यांनी चिंगूस म्हटलं त्यांना सरळ सोडून द्या. दस्तुरीपर्यंत गाडीने जाऊन मग वर चालत निघालेली आणि पिशवीत पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं घेतलेली कुटुंबं मी लहानपणापासून बघत आलेय आणि त्यातलं एकही मूल उपाशी दिसलं नाही. डबा सगळ्यांनी मिळून खाल्ला, आईबापांनी हॉटेलात जेवून मुलांना डबा दिला असं नाही. फरक इथेच आहे.

अर्धं आईस्क्रीम हे मधलं प्रकरण आहे. पाच वर्षांच्या मुलाला एक अख्खा कोन संपतच नाही हे घराघरात माहिती आहे, अर्धा वितळून हातावर येतो आणि उरलेला बाबांना खावा लागतो, त्यामुळे दोघांत एक घेणं यात काहीच वावगं नाही. पण तुमच्या रीलमध्ये बाबांच्या हातात स्वतःची कुल्फी दिसते! तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही, लोकांच्या मात्र लगेच आलं. चौघांत दोन घेतली असती तर हीच रील गोड वाटली असती.

आणि आता दूध. इथे मी लोकांच्या बाजूने आहे. दुधात पाणी घालून लिटरमागे थोडे पैसे वाचतात हे खरं पण जे वाचवताय ते वाढत्या मुलाच्या प्रथिनांतून आणि कॅल्शियममधून वाचवताय. परवडत नसेल तर दूध कमी आणा आणि ते नीट द्या, जोडीला डाळ, नाचणी, शेंगदाणे, अंडं द्या. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि बाजारात मिळणाऱ्या प्रोटीनवाल्या डब्यांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. बजेट करताना मी क्लायंटला नेहमी सांगते की मुलांचं जेवण, औषधपाणी आणि सुरक्षा या तीन ओळींना हात लावायचा नाही, बाकी सगळ्या ओळींवर आपण भांडू. पोटाला चिमटा काढायचा तर आपल्या काढायचा. अगदीच गरज पडली तर आधी मोबाइलचा हप्ता, मग बाहेरचं खाणं, मग ओटीटी, मग गाडी, असं कापत यायचं.

मावशींचा पगार. हा तुमच्या रीलचा सगळ्यात वाईट भाग, आणि खरं सांगायचं तर निम्मा राग यावरचाच असणार, पोरांच्या नावाने बाहेर आला एवढंच. तुम्ही हसत हसत दोनशे रुपये कमी करून घेतलेत आणि वर "बार्गेनिंग स्किल्स" असं लिहिलंत. त्या बाईंना त्या रीलमध्ये उत्तर द्यायची सोय नाही, चेहरा मात्र दिसतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झालाय. त्याने पगार आपोआप वाढला नाही हे आपल्याला माहितीच आहे, पण निदान हे काम आहे आणि करणारी कामगार आहे एवढं तरी त्यातून मान्य झालं. जांभळी नाक्यावर भाजीवाल्याशी घासाघीस केली तर तो नाही म्हणून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळू शकतो. चार घरची कामं करून मुलांची फी भरणारी बाई एवढ्या सहज वळू शकत नाही. लोकांना हे बरोब्बर कळतं, कारण बघणाऱ्यांतल्या कितीतरी जणींची आई, मावशी, काकू हेच काम करत आलीय.

इथून मी जरा मागे जाते, कारण या रागाचं मूळ मला फक्त तुमच्या रीलमध्ये दिसत नाही. ठाणे, कळवा, डोंबिवली इकडे राहणारी किती कुटुंबं गिरणगावातून आलीत ते आठवा. जानेवारी १९८२ मध्ये कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात होते, आणि त्यानंतर ज्या घरांची चूल मंदावली त्या घरातली मुलं आज चाळीस-पन्नाशीला आहेत. पुढे वागळे इस्टेटमधल्याही कितीतरी फॅक्टऱ्या बंद पडल्या. या लोकांनी अर्धी बादली, उतरलेले कपडे, पाणी घातलेलं दूध हे सगळं मजबुरीने भोगलंय आणि मनाशी ठरवलंय की माझ्या पोराला हे दिवस दाखवणार नाही. आता हाच माणूस रात्री लोकलमध्ये उभ्याउभ्या फोन उघडतो आणि त्याला दिसतं की टू बीएचकेमध्ये राहणारं, रिंग लाइट लावलेलं जोडपं तेच सगळं हौसेने करतंय, वर मागे म्युझिक. त्याला तुम्ही वाईट आईबाप वाटता असं नाही, त्याला वाटतं की आमच्या हालांची गंमत चालवलीय. माझ्याकडे असे क्लायंट येतात, चांगला पगार असतो आणि मुलांच्या वाढदिवसाला कर्ज काढून हॉल घेतात, का तर "आमचा झाला नाही ना कधी". त्यांना काटकसर शिकवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, आकडे समजावून काही होत नाही.

दुसरं कारण तुमच्या पेजवरच आहे. सोमवारी अर्धं आईस्क्रीम आणि शुक्रवारी लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री, तेही कोलॅब, म्हणजे प्रसिद्धीच्या बदल्यात. बघणाऱ्याला वाटतं की ही काटकसर म्हणजे नाटक. तुम्हाला माहितीये की घराचा हप्ता केवढा आहे आणि रिसॉर्टवाल्याने पैसे दिलेच नाहीत, नुसती खोली दिली. पण ते लोकांना कोण सांगणार? आणि सांगावं लागतं बरं का, नियमच आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेने २०२१ सालीच इन्फ्लुएन्सर्ससाठी नियम काढले की पैसे घेतले असोत की वस्तू फुकट मिळालेली असो, स्पष्ट दिसेल असं लेबल टाका. मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने पण तेच सांगितलं, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, परत केलीत तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. टॅक्सचंही तसंच. १ जुलै २०२२ पासून एका वर्षात एका ब्रँडकडून २० हजारांच्या वर फुकट वस्तू किंवा सोय मिळाली तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) लागू झाला. रिव्ह्यूला आलेला मिक्सर परत पाठवलात तर प्रश्न नाही, ठेवून घेतलात तर ती तुमची कमाई धरली जाते. हे इथे सांगायचं कारण असं की फुकटचा मिक्सर, फुकटचं रिसॉर्ट, फुकटचे मुलांचे बूट यावर घर चालत असेल तर "आम्ही महिन्याला एवढेच खर्च करतो" हा आकडा खोटा पडतो, आणि तो आकडा बघून दुसरी एखादी आई आपल्या नवऱ्याचं किंवा स्वतःचं डोकं खाते की यांना जमतं मग आपल्याला का नाही. अशा आया माझ्यासमोर येऊन बसतात म्हणून म्हणते. स्क्रीनवर ठळक अक्षरात टाका की या महिन्यात अमुक अमुक फुकट आलंय.

पण लोक दरवेळी बरोबर असतात असंही नाही हां. मी लोकांच्या विरोधात कुठे जाते तेही सांगते. एका कुटुंबाने बाळाच्या लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात घेतल्याचं दाखवलं तर "लाखो कमावता आणि बाळाला सरकारी डोस?" म्हणून झोडलं. अहो, बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या लसी सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत आणि देशातली कोट्यवधी बाळं त्याच घेऊन वाढतात. इथे बाळाच्या वाट्याचं काहीच कमी झालं नाही, फक्त एसी वेटिंग रूम नव्हती. पालिकेच्या शाळेत घातलं, वाढदिवसाचा केक घरी केला, रिटर्न गिफ्ट दिलं नाही, गणपतीचा मखर दरवर्षी तोच, यावर जे ओरडतात त्यांना मुलांची काळजी नसते, लोक काय म्हणतील ही काळजी असते. ती तुम्ही वाहू नका.

आणि आई-बाबांना लावायचं माप वेगळं असतं हे तर मला रोज दिसतं. बाबाने सांगितलं की खेळणं महिन्याला एकच तर "बापाने शिस्त लावली", तेच आईने सांगितलं की "हिला पोरांची माया नाही". तुमच्या रीलमध्येही शिव्या जास्त तुम्हालाच पडल्यात ना ताई, कुल्फी खाणारे मात्र सुटले. ते बदलणं माझ्या हातात नाही, पण पुढच्या वेळी पैशाचं बोलताना दोघांनी मिळून बोला, नवरोबांना फक्त कॅमेरा धरायला ठेवू नका.

एक गोष्ट रीलमध्ये कोणाच्या लक्षात आली नाही पण मला खटकली. स्कूटरवरून शाळेत सोडताना बाबांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, धाकट्याच्या नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने लागतं, आणि त्याहून लहान बाळांसाठी हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० च्या आत वेग असा वेगळा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. मुलांच्या मापाचं, आयएसआय मार्कवालं हेल्मेट घ्या, नवं घ्या, कोणाचं उतरलेलं नको, कारण आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसतं पण आतून गेलेलं असू शकतं. हा खर्च आधी करा, मग पुढचं वाचा.

आता मुलांचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमची रील चालते कारण त्यात मुलं आहेत. मुलं काढा आणि फक्त तुम्ही दोघं डाळ-तांदळाचे डबे दाखवत बसा, बघू किती जण थांबतात. म्हणजे कमाईत त्यांचा वाटा आहेच. आपल्याकडे बालकलाकारांसाठी २०१७ च्या नियमांत असं आहे की दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने एफडीत ठेवायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. हे नियम सिनेमा-मालिका-जाहिरातींचे सेट डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत, पण त्यातलं २० टक्क्यांचं तत्त्व आपल्या घरी लावायला कोणी अडवलेलं नाही. बाहेर तर व्लॉगवाल्या मुलांसाठी वेगळे कायदेच झालेत, फ्रान्सने २०२० मध्ये केला, अमेरिकेत इलिनॉय राज्याचा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, मुलं ठरावीक प्रमाणात व्हिडिओत दिसत असतील तर त्यांचा वाटा आईबापांनी बाजूला ठेवायचा. अर्धं आईस्क्रीम देणारे आईबाप मुलीच्या नावाने दर महिन्याला पैसे टाकतात हे लोकांना समजलं तर निम्मा राग तिथेच मावळतो, आणि नाही मावळला तरी पोरीचे पैसे जमा होतात ना.

शाळेचाही विचार करा. नऊ वर्षांच्या मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या घरी फोन असतात, ती रील वर्गात पोचते, आणि मग मधल्या सुट्टीत "ए हाफ आईस्क्रीम" सुरू होतं. तुम्हाला पडलेल्या शिव्या तुम्ही ब्लॉक करू शकता, तिला बाक बदलून मिळत नाही. टाकण्याआधी तिला दाखवा, आणि ती नको म्हणाली तर नको. धाकट्याला तेवढी समज नाही म्हणून त्याच्या बाबतीत जास्त सांभाळा: अंघोळीचं शूटिंग अजिबात नको, अगदी नुसती बादली दाखवायची असली तरी मूल फ्रेममध्ये नको.

मग आता करायचं काय. रील काढा, पण अख्खा विषय सोडू नका. मावशींचा भाग परत कुठेही वापरू नका आणि त्यांना जाऊन भेटा, कमी केलेले दोनशे परत द्या, आणि ही भेट शूट करू नका (सांगावं लागतंय कारण करणारे आहेत). दुधाचा भाग काढा. कपडे, डबा, टँकरचं कारण देऊन बादली, हे ठेवून नवीन रील करा आणि त्यात सुरुवातीलाच तुम्ही दोघांनी स्वतःचं काय कमी केलंत ते दाखवा. खरं काहीतरी हवं, बाबांचा फोन चार वर्षं जुना आहे म्हणालात ना, तोच दाखवा. माफीची रील रडत रडत नको. मुलांना कॅमेऱ्यासमोर बसवून "आम्ही खूश आहोत" असं वदवून घेणं तर बिलकुल नको, त्याइतकं लोकांना दुसरं काही भडकवत नाही आणि ते भडकणं योग्यच आहे. पगाराची स्लिप किंवा हप्त्याचा स्क्रीनशॉटही टाकू नका. तुमच्या घराचा हिशोब बघायचा हक्क लोकांना नाही, फुकट काय आलं तेवढं कळलं की बास. रागाच्या रीललाच जास्त व्ह्यूज येतात म्हणून मुद्दाम तसलीच दुसरी करायचा मोह होईल, एजन्सीवाले सुचवतील सुद्धा. तेव्हा मधल्या सुट्टीचं आठवा.

मुलांच्या खात्याचं या महिन्यातच उरका. दोघांचे जन्मदाखले, आधार, तुमचं पॅन घेऊन बँकेत जा, पालक म्हणून तुमच्यापैकी एकाची सही लागेल. मुलगी दहा वर्षांच्या आत आहे तोवर सुकन्या समृद्धी (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) खातं पण उघडता येतं, वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, पोस्टातही होतं. तिचा दहावा वाढदिवस उलटला की नवीन खातं निघत नाही, म्हणून आधी ते करा, एफडी नंतर झाली तरी चालेल. आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, ते बघून जा.